प्रकल्प नोंदी : लिनक्सवर आपोआप लागणारा आणि आपोआप तुटणारा डायल-अप

कराडला मामांचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. विंडोज ९८ ची चार मशीनं, एकच फोन लाइन आणि एकच इंटरनेट खातं. आजवर ज्याला मेल बघायची असेल तो ताईंच्या मशीनवर जाऊन बसायचा आणि ताई तोवर चहा प्यायच्या. आता कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या पेंटियमवर लिनक्स टाकायचं, मॉडेम (फोन लाइनवरून नेट जोडणारं यंत्र) त्याला जोडायचा, कुणीही ब्राउझर उघडला की फोन लागला पाहिजे आणि काम संपलं की तुटला पाहिजे. ‘कनेक्ट’ म्हणून कुणी काही दाबायचं नाही. फोन लागण्याचं काम तसं लवकर झालं. नको तेव्हा न लागण्यात आणि वेळेवर तुटण्यात सगळा पावसाळा गेला. हेच काम कुणी करणार असेल तर त्याच्यासाठी ह्या नोंदी.

१२ जुलै २००३, शनिवार

मशीन पेंटियम १६६, ३२ एमबी रॅम, २ जीबीची डिस्क. मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं, कर्नल (लिनक्सचा गाभा) २.४. ग्राफिकल काहीच घातलं नाही, ह्या रॅममध्ये झेपणार नाही आणि गरजही नाही. नेटवर्क कार्ड ३५० रुपये, आठ पोर्टचा हब ११००, केबल-जॅक मिळून ४०० च्या आसपास.

मशीनमध्ये आतला पीसीआय मॉडेम आधीपासून होता. लिनक्सला तो यादीत दिसतो, पण मिनीकॉममध्ये (मॉडेमशी थेट बोलायचा प्रोग्रॅम) ‘एटी’ ही मॉडेमची कमांड टाइप केली तर समोरून ‘ओके’ येत नाही. हा सॉफ्टवेअर मॉडेम. मॉडेमचं निम्मं काम विंडोजमधला ड्रायव्हर करतो आणि कार्डावर नुसते जोडणीचे भाग असतात. ह्या चिपसाठी कुणीतरी लिनक्स ड्रायव्हर लिहिलाय, तो कंपाइल करून पाहिला. लोड झाला, पहिला फोन लावला आणि मशीन गोठलं. दुपार गेली. १६६ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरने मॉडेमचीही हमाली करावी ही अपेक्षाच जास्त आहे.

संध्याकाळी दुकानातून सीरियल पोर्टला लागणारा बाहेरचा मॉडेम आणला. २३०० रुपये. पहिल्याच ‘एटी’ला ‘ओके’. ह्या एका बाबतीत पैसे वाचवायला जाऊ नका. शिवाय बाहेरच्या मॉडेमला दिवे असतात. कोण कधी फोन लावतंय हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं, आणि पुढे ह्या दिव्यांचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

१९ जुलै, शनिवार

आधी साध्या पद्धतीने, म्हणजे हाताने कमांड देऊन फोन लावला. चॅटची (मॉडेमला कमांड देऊन फोन लावणाऱ्या प्रोग्रॅमची) स्क्रिप्ट अगदी छोटी आहे. मॉडेम रिसेट, ‘ओके’ आलं की नंबर, ‘कनेक्ट’ आलं की लाइन पीपीपीडीच्या, म्हणजे फोनवरची इंटरनेट जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हवाली.

पहिली अडचण अशी की मॉडेम लगेच ‘नो डायलटोन’ म्हणून परत येतो. रिसीव्हर कानाला लावला तर टोन स्वच्छ. आपल्याकडचा डायलटोन ४०० हर्ट्झचा असतो आणि त्यावर २५ हर्ट्झची थरथर असते. बाहेरच्या देशांच्या टोनवर बेतलेल्या मॉडेमला तो ओळखता येत नाही. सुरुवातीच्या कमांडमध्ये ‘एक्स३’ घातलं की मॉडेम टोनची वाट न बघता नंबर फिरवतो आणि एंगेज टोन मात्र ओळखतो. ‘एक्स१’ घालू नका. तिथे एंगेजही कळत नाही आणि मॉडेम मिनिटभर टूं-टूं ऐकत बसतो.

दुसरी अडचण वेळेची. चॅट कुठल्याही उत्तरासाठी ४५ सेकंद थांबतो, आणि आमच्या लाइनवर नंबर फिरवण्यापासून ‘कनेक्ट’ येईपर्यंत कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो. मग जुळत आलेलं कनेक्शन आपणच तोडतो, आणि एक्स्चेंजच्या मीटरवर कॉल पडलेला असतोच. टाइमआउट ७५ केला, मॉडेमचं एस७ रजिस्टरही (जुळण्याची वाट किती सेकंद बघायची ते सांगणारं) तेवढंच.

चॅटला ‘बिझी’, ‘नो कॅरिअर’, ‘नो आन्सर’ हे सगळे शब्द ‘अबॉर्ट’ म्हणून द्यायला विसरू नका. नाहीतर एंगेज असला तरी तो पूर्ण ७५ सेकंद तसाच उभा.

२० जुलै, रविवार

फोन लागतो, मॉडेम जुळतो आणि पीपीपीडी लॉगमध्ये लिहितो की समोरच्या सिस्टीमने स्वतःची ओळख पटवली पाहिजे, पण तिचा पासवर्ड माझ्याकडे नाही. इंटरनेट कंपनी आपल्याला कशाला ओळख पटवेल? सगळीकडे ह्यावर एकच उपाय सांगतात, पीपीपीडीच्या ऑप्शन फाइलमध्ये ‘नोऑथ’ (ओळख मागू नको) लिहा. लिहिलं. तक्रार गेली, आयपी पत्ता मिळाला, पण पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड) कुठेच जाईना. लॉगमध्ये नवी ओळ : ईटीएच० (नेटवर्क कार्ड) कडे जाणारा डिफॉल्ट राउट (बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची ठरलेली वाट) आधीच आहे, तो बदलत नाही.

ह्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. लिनक्स टाकताना नेटवर्कच्या पानावर गेटवेचा (बाहेर जायच्या दाराचा) रकाना रिकामा कशाला सोडायचा म्हणून १९२.१६८.०.१ भरलेलं होतं, म्हणजे मशीनने स्वतःलाच गेटवे केलेलं. त्यामुळे लॅनच्या (ऑफिसातल्या नेटवर्कच्या) बाजूला डिफॉल्ट राउट तयार होता. मशीनला डिफॉल्ट राउट असला की पीपीपीडी धरून चालतो की हे आधीच नेटवर जोडलेलं मशीन आहे आणि आत येणाऱ्याला तपासायला हवं, म्हणून तो ओळख मागतो. आणि तोच राउट असल्यामुळे तो स्वतःचा राउटही घालत नाही. गेटवेची ओळ काढली, मशीन पुन्हा सुरू केलं, पिंग गेलं. ‘नोऑथ’ राहू दिलं, त्याने काही बिघडत नाही, पण नुसत्या ‘नोऑथ’ने रोग बरा होत नाही.

पॅप-सीक्रेट्स फाइलमध्ये युजरनेम आणि पासवर्ड. फाइलची परवानगी ६००, रूटशिवाय (मशीनचं मुख्य खातं) कुणाला वाचता येता कामा नये.

२६ जुलै, शनिवार

आता आपोआपचा भाग. ऑप्शन फाइलमध्ये ‘डिमांड’ आणि ‘आयडल ३००’, म्हणजे पाच मिनिटं हालचाल नसली की फोन ठेवायचा. ‘डिमांड’ने पीपीपीडी सुरू केला की फोन न लावताच पीपीपी० इंटरफेस उभा राहतो. आपला पत्ता १०.६४.६४.६४ आणि पलीकडचा १०.११२.११२.११२ दिसतो. हे पत्ते पीपीपीडी स्वतःच रचतो, खरे पत्ते फोन लागल्यावर येतात. पहिलं पॅकेट ह्या इंटरफेसकडे आलं की फोन लागतो.

ताईंच्या मशीनवर ब्राउझर उघडला. मॉडेम मख्ख. सर्व्हरवरून, म्हणजे लिनक्सच्या मशीनवरून, एखाद्या आयपी पत्त्याला पिंग केलं तर लगेच डायल. म्हणजे नावाने मागितलं तर लागत नाही, आकड्याने मागितलं तर लागतो. कारण ‘यूजपीअरडीएनएस’ हा ऑप्शन. त्यात डीएनएसचे (नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे) पत्ते फोन लागल्यावर कंपनीकडून मिळतात. फोन लागण्याआधी रिझॉल्व्ह-कॉन्फ ही ह्या पत्त्यांची फाइल रिकामी, त्यामुळे नावाची चौकशी घराबाहेर पडतच नाही, आणि चौकशी बाहेर पडल्याशिवाय फोन लागत नाही. कंपनीचे दोन्ही डीएनएस पत्ते फाइलमध्ये हाताने लिहिले आणि तो ऑप्शन काढून टाकला. लागला.

विंडोजच्या मशीनांसाठी सर्व्हरवर डीएनएसमास्क बसवला, तो त्यांच्या नावाच्या चौकश्या पुढे कंपनीला विचारतो. बाइंडही चाललं असतं, पण ३२ एमबीत हलकं काहीतरी बरं, आणि डीएनएसमास्कमध्ये डायल-अपचा विचार करून ठेवलेले दोन-तीन ऑप्शन आहेत. त्यांची गरज पुढे पडली. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सचा पॅकेटं अडवणारा-सोडणारा भाग) मास्करेड आणि फॉरवर्डिंग चालू, म्हणजे चारही मशीनं ह्या एकाच जोडणीतून बाहेर जातात.

एक गोष्ट मात्र पूर्ण सुटलेली नाही. फोन जुळायला चाळीस सेकंद लागतात आणि ब्राउझर त्याच्या आधीच ‘सर्व्हर सापडला नाही’ म्हणून मोकळा होतो. सर्व्हरवर टाइमआउट वाढवता येतो, विंडोज ९८ ला तेवढा धीर नाही. चारही मॉनिटरवर कागद चिकटवला : ‘पान उघडलं नाही तर पाऊण मिनिट थांबून पुन्हा दाबा.’ ऑफिसातल्या अण्णांनी त्याखाली पेनने ‘एकदाच’ असं लिहिलंय.

२९ जुलै, मंगळवार

रिटर्नची मुदत दोन दिवसांवर आलीय. मामांचा सकाळी फोन : “अरे, ऑफिसचा फोन सारखा एंगेज. लोक फोन लागत नाही म्हणून थेट दारात येऊन उभे राहतायत. तुझं ते बंद कर आधी.” बंद केलं. एक तारखेपर्यंत हाताने. पाच मिनिटांत फोन ठेवायला हवा तो तासन्‌तास का चालू राहतो, हे नंतर बघू.

२ ऑगस्ट, शनिवार

एंगेजच्या आधी एक सोपी भानगड निस्तरली. ऑफिसच्या वर मामांचं घर आहे, आणि तिथे त्याच लाइनची पॅरलल जोडणी. मामी रिसीव्हर उचलते, कानात खरखर ऐकते, ठेवते. एवढ्यात खाली कनेक्शन तुटलेलं असतं. लॉगमध्ये ‘मॉडेम हँगअप’.

लाइनमनने रोझेटमधून दोन तारा समांतर काढल्या होत्या, एक मॉडेमला, एक वर. त्या सोडवल्या. आता रोझेटमधून तार सरळ मॉडेमच्या ‘लाइन’ खाचेत जाते आणि वरची तार मॉडेमच्या ‘फोन’ खाचेतून निघते. आमचा मॉडेम लाइन धरतो तेव्हा मागची ‘फोन’ खाच तोडतो. मामीने उचलला तर तिला काहीच ऐकू येत नाही आणि खाली धक्काही बसत नाही. खर्च शून्य. मामीला ही सोय वाटत नाही ती गोष्ट वेगळी. सगळेच मॉडेम असं तोडत नाहीत, जोडण्याआधी रिसीव्हर लावून तपासा.

३ ऑगस्ट, रविवार

मामा म्हणाले, पहाटे चारला वरचा फोन ‘टिंग’ करून गप्प होतो, रोजच्या रोज. मॉडेमने लाइन धरली की ‘फोन’ खाच तुटते आणि घंटेला हलका ठोका बसतो, तो हा ‘टिंग’. मशीन पहाटे चारला नेटवर काय करतंय?

इथून पुढे खरं काम एकच, फोन कोण लावतंय ते पकडणं. टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) पीपीपी० वर चालू ठेवला आणि त्याचं सगळं एका फाइलमध्ये लिहायला लावलं. इंटरफेस आधीपासूनच उभा असल्यामुळे ज्या पॅकेटने फोन लागला ते पहिलंच पॅकेट त्यात सापडतं. नावं शोधू नको म्हणून ‘-एन’ द्यायलाच हवं. नाहीतर टीसीपीडंप स्वतःच नाव विचारायला जातो आणि फोन लावतो. शोधायला बसलेलाच चोर.

सापडलं ते असं. रोज पहाटे ४ वाजून २ मिनिटांनी क्रॉनची (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) दैनंदिन कामं चालतात. त्यातलं एक काम लॉगचा गोषवारा रूटला मेल करतं. मेल त्याच मशीनवरून त्याच मशीनवर जाते, पण सेंडमेल हा मेल पाठवणारा प्रोग्रॅम आधी मशीनचं पूर्ण नाव डीएनएसला विचारतो. होस्ट्स फाइलमध्ये (मशीनवरचीच नाव-पत्त्यांची यादी) नुसतं छोटं नाव होतं, डोमेनसकट नाव नव्हतं, म्हणून चौकशी बाहेर आणि फोन कंपनीला. त्याशिवाय सेंडमेलची दर तासाला अडकलेली मेल पुन्हा पाठवून बघायची सवय, ती दिवसभर.

होस्ट्स फाइलमध्ये पूर्ण नाव आधी आणि छोटं नाव नंतर लिहिलं. सेंडमेलचा तासाचा फेरा बंद केला. अडकलेली मेल फोन लागलेला असेल तेव्हाच पाठवायची, ती व्यवस्था शेवटच्या नोंदीत आहे.

१० ऑगस्ट, रविवार

पहाटेचं ‘टिंग’ थांबलं. पण दिवसा कुणी नेटला हात लावलेला नसताना मॉडेमचा दिवा लागतो. सकाळी ताईंनी मशीन सुरू केलं की हमखास.

टीसीपीडंपमध्ये ५३ पोर्टकडे, म्हणजे डीएनएसकडे, जाणाऱ्या चौकश्या, आणि विचारलेलं नाव आमच्या वर्कग्रुपचं! विंडोज ९८ ला शेजारची मशीनं शोधायची असतात. लॅनवर आरडाओरडा करून उत्तर आलं नाही आणि नेटवर्कच्या गुणधर्मांमध्ये ‘विंडोजमधल्या नावांसाठी डीएनएस वापरा’ अशा अर्थाची खूण असली की तेच नाव ते डीएनएसला विचारतं. डीएनएसमास्क बिचारा ते पुढे कंपनीला विचारतो. जगातल्या कुठल्या सर्व्हरला आमच्या वर्कग्रुपचं नाव माहीत असणार?

उपाय दोन्हीकडे केला. चारही मशीनांवरची ती खूण काढली. डीएनएसमास्कमध्ये ‘डोमेन-नीडेड’ घातलं, म्हणजे ज्या नावात टिंबच नाही ते बाहेर विचारायचं नाही. ‘बोगस-प्रिव्ह’ घातलं, म्हणजे १९२.१६८ सारख्या घरगुती पत्त्यांची उलट चौकशी बाहेर नाही. आणि ‘फिल्टरविन२के’ही, विंडोजच्या नव्या आवृत्त्या अधूनमधून करतात त्या बिनकामाच्या चौकश्या तो गाळतो. आज ते मशीन नाही, उद्या येईल.

आयपीटेबल्सच्या फॉरवर्डमध्ये १३७ ते १३९ हे विंडोजच्या ह्या शोधाशोधीचे पोर्ट बंद. फॉरवर्डमध्येच अडवलेलं पॅकेट पीपीपी० पर्यंत पोचत नाही, म्हणून फोनही लागत नाही. एवढं लक्षात ठेवा, कारण परतीच्या दिशेला हे खरं नाही. पुढची नोंद त्यावरच आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

आता २९ जुलैची मूळ तक्रार. ‘आयडल ३००’ असताना फोन तासन्‌तास चालू.

शुक्रवारी सुट्टी होती. झेंडावंदन उरकून ऑफिसात बसलो, लॅनची केबल हबमधून काढली, सर्व्हरवरून एकदा पिंग करून फोन लावला आणि घड्याळ घेऊन मॉडेमसमोर बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. येणाऱ्या डेटाचा दिवा थांबून थांबून लुकलुकतो. टीसीपीडंपमध्ये भलत्याच पत्त्यांवरून १३५ पोर्टवर येणारी पॅकेटं, एकामागून एक. ह्याच आठवड्यात तो ब्लास्टर नावाचा वर्म (मशीनमागून मशीन आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) सुटलाय, त्याचा हा धुमाकूळ. अधूनमधून १४३४ पोर्टवरही, जानेवारीतल्या स्लॅमरची पिलावळ अजून फिरतेय. लिनक्सला ह्यातलं काही बाधत नाही. पण पीपीपीडीला ही हालचालच वाटते, आणि तीनशे सेकंदांची मोजणी प्रत्येक वेळी पुन्हा शून्यावर.

आयपीटेबल्सच्या इनपुटमध्ये सगळं ड्रॉप केलं. काही फरक नाही. रिकामेपणाची मोजणी पीपीपीच्या ड्रायव्हरमध्ये होते आणि आयपीटेबल्सचा नंबर त्यानंतर लागतो. पॅकेट नंतर फेकलं तरी मोजणीत ते आलेलंच असतं. हे समजायला अर्धा दिवस गेला.

उपाय म्हणजे ‘ॲक्टिव्ह-फिल्टर’. कुठल्या पॅकेटला हालचाल म्हणायचं ते त्यात टीसीपीडंपच्याच भाषेत सांगता येतं. ऑप्शन फाइलमध्ये लिहिलं तर पीपीपीडी म्हणतो, हा ऑप्शन मला माहीत नाही. सीडीवरचा पीपीपीडी ह्या सोयीशिवाय बांधलेला होता, आणि कर्नलमध्येही ‘पीपीपी फिल्टरिंग’ बंद. दोन्ही पुन्हा बांधायचे.

शनिवारी रात्री कर्नल कंपाइल करायला लावून घरी गेलो. १६६ मेगाहर्ट्झवर ते रात्रभर चाललं. सकाळी येऊन बघतो तर डिस्क भरल्यामुळे मधेच थांबलेलं. सोर्समधलं नको ते उडवून दुसऱ्यांदा लावलं, दुपारपर्यंत झालं. कुणाकडे जलद मशीन असेल तर तिथे बांधून आणा. पीपीपीडीच्या मेकफाइलमध्ये फिल्टरच्या ओळीपुढचं # काढायचं असतं आणि पीकॅप लायब्ररी हेडरसकट लागते. ती नव्हती, त्यासाठी हातानेच फोन लावून उतरवली. जुना कर्नल लिलोमध्ये (सुरू होताना कर्नल निवडायची यादी) राहू द्या. नवा पहिल्या फटक्यात उठला नाही, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर निवडायचा राहिला होता.

फिल्टर असा ठेवला : फक्त बाहेर जाणारं पॅकेट, ज्यावर टीसीपीची रिसेट खूण नाही आणि जे ‘पोचू शकत नाही’ छापाचं आयसीएमपी उत्तर नाही. रिसेट आणि उत्तरं वगळावीच लागतात, कारण वर्मच्या पॅकेटला आपल्या मशीनने नकार पाठवला तर तो नकारही बाहेर जाणारं पॅकेटच. इनपुट ड्रॉपवर असल्यामुळे तसे नकार आता जात नाहीत, तरी दुहेरी कडी बरी. मोठी फाइल उतरत असताना फोन तुटेल का ही शंका येते. तुटत नाही, कारण उतरवणारं मशीन पोच देत राहतं आणि पोच बाहेर जाते.

तीच परीक्षा पुन्हा. पाच मिनिटांनी खट्ट आवाज आला, दिवा विझला. लॉगमध्ये ‘आयडल’मुळे बंद केल्याची ओळ.

२४ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर येणाऱ्या पिंगचा पूर. ब्लास्टरमागोमाग आलेला दुसरा वर्म बळी शोधताना आधी पिंग करतो. तुटायच्या वेळेवर काही परिणाम नाही. फिल्टर जुलैतच लावायला हवा होता.

ह्या वेळची भानगड पावसाची. मंगळवारी रात्रभर झोडपलं, बुधवारी लाइनवर तळणासारखी चरचर. फोन लागायचा, जुळायचा, मिनिटात तुटायचा, पुन्हा लागायचा. प्रत्येक वेळी कॉल पडतोच. ‘होल्डऑफ’ १२० केलं, म्हणजे तुटल्यावर दोन मिनिटं कुणी कितीही पॅकेटं पाठवली तरी ती फेकायची, फोन लावायचा नाही. काम संपून आपणच फोन ठेवला असेल तर हे थांबणं लागू होत नाही, लगेच पुन्हा लावता येतो.

मॉडेमच्या सुरुवातीच्या कमांडमध्ये व्ही३४ सक्तीचं केलं. वेग ३३.६ च्या वर जाणार नाही. ह्या लाइनवर ५६ के कधी मिळत नव्हताच, नुसता जुळवताना वेळ जायचा. आता जुळतोही लवकर आणि टिकतोही. एस१० रजिस्टर वाढवलं, म्हणजे क्षणभर कॅरिअर गेला तरी मॉडेम लगेच हात सोडत नाही. दर वर्षी जून ते सप्टेंबर हेच ठेवावं असं दिसतंय.

गुरुवारी मात्र नेट पूर्ण मेलं. लाइन ठीक, डायलटोन ठीक, पण काही केल्या फोन लागेना. पीपीपीडी चालूच नव्हता. ओळीने दहा प्रयत्न फसले की तो हार मानून बंद पडतो, ‘मॅक्सफेल’ची ठरलेली किंमत ती आहे. अण्णांनी सुचवलं, बंद पडला की चालू करायचं काहीतरी करून ठेव. म्हणून पीपीपीडी इनिटटॅबमध्ये (बाकी प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या इनिटची यादी) ‘रिस्पॉन’वर (बंद पडला की पुन्हा सुरू कर) टाकला. इनिट ओरडायला लागला : फार वेगाने पुन्हा पुन्हा सुरू होतंय, पाच मिनिटांसाठी बंद करतोय. पीपीपीडी सुरू होताच स्वतःची प्रत पार्श्वभूमीवर पाठवतो आणि मूळ प्रक्रिया संपते. इनिटला वाटतं मेला, म्हणून तो दुसरा सुरू करतो. ‘नोडिटॅच’ घातलं की हे थांबतं.

तरीही रात्री ती ओळ काढून टाकली. खात्याचे तास संपले तर काय होईल? फोन लागेल, कॉल पडेल, पासवर्ड नाकारला जाईल, पीपीपीडी पुन्हा लावेल. ‘मॅक्सफेल’ हा त्याला लावलेला एकमेव ब्रेक आणि इनिट तोच काढून टाकतो. आता ‘मॅक्सफेल ४’, आणि क्रॉन सकाळी साडेनऊला पीपीपीडी सुरू करतो, रात्री आठला मारतो. ओळीने चार वेळा फसला तर मेला, ताईंनी मला फोन करायचा. माणसाने बघितलेलं बरं.

एक बारकावा राहिला. फोन पहिल्यांदा लागताना पत्ता १०.६४.६४.६४ वरून खऱ्या पत्त्यावर बदलतो. ज्या पॅकेटने फोन लावला ते जुना पत्ता घेऊन निघालेलं असतं, त्याला उत्तर येत नाही. सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमसाठी ‘केट्यून’ घातलं, त्याने कर्नल पत्ता बदलून घेतो. विंडोजच्या मशीनांना सहसा अडत नाही, कारण त्यांची नावाची चौकशी आधी जाते आणि उत्तर येईपर्यंत फोन लागलेला असतो. डीएनएसमास्कच्या आठवणीत नाव आधीच असलं तर मात्र पान लटकतं. थांबवून पुन्हा दाबलं की उघडतं. मॉनिटरवरचा कागद इथेही लागू.

२ सप्टेंबर, मंगळवार

रविवारी गणपती बसले. ऑफिस शनिवारी संध्याकाळी बंद झालं ते आज उघडलं. मुद्दाम क्रॉनमधलं साडेनऊ-आठचं बंधन ह्या दिवसांपुरतं काढून पीपीपीडी सतत चालू ठेवला होता आणि एक विंडोज मशीनही. लॉग पाहिला. एकही कॉल नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

जुलै-ऑगस्टचं फोन बिल आलं, ३१०० च्या वर. आधीचं १४०० च्या घरात होतं. वाढ बहुतेक सगळी २६ जुलै ते १७ ऑगस्टमधली, म्हणजे फिल्टर नसतानाची. मामांनी बिल माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “हे प्रकल्पाच्या खर्चात धर.” धरलं.

दरम्यान मामांच्या टेबलावर एक्सपीचं नवं मशीन आलं आणि दिवा पुन्हा अवेळी लागायला लागला. टीसीपीडंपला १२३ पोर्ट सापडला. एक्सपी आठवड्यातून एकदा नेटवरून घड्याळ जुळवतं, आणि अपडेट शोधायला स्वतःहून जातं ते वेगळंच. घड्याळाच्या खिडकीतली इंटरनेट टाइमची खूण काढली, अपडेट हाताने करायचं ठरवलं. फॉरवर्डमध्ये १२३ बंद.

सर्व्हरचं घड्याळही मागे पडतं, पण त्यासाठी फोन लावायचा नाही. फोन लागला की पीपीपीडी आयपी-अप ही स्क्रिप्ट चालवतो, असली कामं त्यातच घालावीत. आमच्या आयपी-अपमध्ये आता तीन ओळी आहेत : एनटीपीडेटने घड्याळ जुळव, सेंडमेलला अडकलेली मेल सोडायला सांग, फेचमेलने सगळ्यांची मेल उतरवून घे. तिन्ही कामं मिनिटभरात उरकतात आणि त्यांच्यासाठी वेगळा कॉल पडत नाही. त्यांची पॅकेटं बाहेर जातात म्हणून मोजणी तेवढी पुढे सरकते, म्हणून ‘आयडल’ ३०० चं २४० केलंय.